घर दाखवताना

पश्चिमेच्या तोंडाचं घर मी मे महिन्यात सकाळी सातला दाखवतो.
लोक म्हणतात, झांबरेभाऊ फार वक्तशीर.
दुपारी दोनला त्याच भिंतीवर पापड भाजला जातो
हे मला ठाऊक, मालकाला ठाऊक,
घेणाऱ्याला पुढच्या वर्षी ठाऊक होईल.

तेवीस वर्षं भुसावळात हेच करतोय.
काळी माती आहे, उन्हाळ्यात तडकते, पावसाळ्यात फुगते,
वरचं घर तिच्या मर्जीनं उठतं-बसतं.
म्हणून बैठकीत शिरलो की आधी
कॅलेंडर कुठं टांगलंय ते बघतो.
खिळा भलत्या उंचीवर असला तर मागे भेग.
जामनेर रोडला एका घरात तीन कॅलेंडरं होती,
तिन्ही वेगवेगळ्या सालांची.

घेणारा नवरा बोअरची खोली विचारतो,
स्लॅबची जाडी, सिटी सर्व्हेचा उतारा,
टेप लावून पार्किंग मोजतो.
बायको काहीच विचारत नाही.
ओट्याशी उभी राहते, हात जरासा हलवते,
बहुतेक हवेत भाकर थापून बघते.
मग म्हणते, "कूलर कुठं बसंल?"
की मी मनात विसारपावती फाडतो.

आणि तो हळू आवाजातला प्रश्न.
शेजारी कोण आहेत?
चांगले लोक आहेत.
तसं नाही भो, म्हणजे, कोण?
एकदा वैतागून म्हटलं, शेजारी मीच राहतो.
तो गृहस्थ दोन मिनिटं
माझं आडनाव उलटंपालटं करून बघत होता.

विकणाऱ्यांचं तर विचारूच नका.
नारखेडे डॉक्टरांनी हसत हसत चार लाख सोडले
आणि झोपाळ्यावर अडले.
झोपाळा न्या, म्हटलं.
"कड्यांसकट."
कड्या स्लॅबमध्ये ओतलेल्या.
अडीच महिने सौदा त्या दोन कड्यांना लटकला होता.

यार्डाजवळचं एक घर चौदा महिने विकत नव्हतं.
दोन गाड्यांच्या मधे जी अकरा मिनिटं सापडत,
तेवढ्यात मी ते दाखवायचो, पळवत पळवत,
हे देवघर, ही मोरी, चला गच्ची बघू.
सुभान तडवी आले, मालगाडीचे गार्ड, निवृत्त.
खोल्या बघेनात. चला साहेब, म्हटलं, उशीर होतो.
थांबा, म्हणाले.
गाडी आली. कपाटातल्या कपबश्या वाजायला लागल्या,
मी खाली बघत उभा, कमिशन रुळांवरून चाललेलं.
"अठ्ठावन्न डबे," तडवी म्हणाले, "ब्रेकव्हॅन वेगळी."
मुलाकडं पुण्याला आठ महिने काढले होते त्यांनी,
बाराव्या मजल्यावर. एवढं शांत, की डोळा लागेना.
भाव केला नाही. एक रुपयाचा नाही.

जानेवारीत फेगडेकाकूंचं घर दिलं.
खरेदीखतात चारी हद्दी लिहिल्या,
पूर्वेस रस्ता, दक्षिणेस बोंडे यांची मिळकत,
फोटो, अंगठा, सगळं रीतसर.
काकू लेकीकडं वापीला गेल्या.
मे लागला तसा फोन आला.
"अरे, एक सांगायचंच राहिलं.
मागच्या खोलीची खिडकी दुपारी तीनला
अर्धीच लोटायची. सताड उघडली की झळ.
अर्धी ठेवली तर बोळातून गार वारा येतो.
सांगशील त्यांना?"

गेलो.
खिडकीच्या जागी विटा, वर एसी,
खाली त्यांचा पोरगा गोधडी घेऊन झोपलेला.
पाणी प्यालो. नव्या फरशीला छान म्हटलं. निघालो.

रात्री काकूंना फोन लावला, सांगितलं म्हणालो.
"मग? येतो ना वारा?"
येतो.
"अर्धीच ठेवतात ना?"
अर्धीच, काकू.